जुन्या मालमोटारीस नवी धूरनळी बसविताना : अंतराचा प्रश्न व त्याची सोडवणूक

पांढुर्णा व सौंसर हे दोन्ही तालुके संत्री आणि कापूस यांसाठी प्रसिद्ध आहेत. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडणाऱ्या या तालुक्यांचा मिळून सन २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील आंबिया व मृग या दोन्ही बहारांची संत्री आणि वेचणीच्या दिवसांतील कापूस मुख्यतः मालमोटारींनीच बाहेर जातो. एक वाट नागपूरच्या सपाटीकडे उतरते. दुसरी पांढुर्ण्याहून मुलताईच्या पठाराकडे, तर तिसरी सौंसरहून सिल्लेवानी घाटातून छिंदवाड्याकडे चढते. या चढांवर भरलेली गाडी बराच वेळ खालच्या गिअरमध्ये, पूर्ण जोर लावून चालते आणि इंजिनातून बाहेर पडणारा धूर त्या वेळी सर्वांत अधिक तापलेला असतो.

हंगामात जवळच्या वाहतुकीस ज्या गाड्या मिळतात, त्यांपैकी बऱ्याच वयाने जुन्या असतात. अशा गाडीचा इंजिनाला जोडलेला बिडाचा मॅनिफोल्ड तडकला, तर त्याच मापाचा मूळ भाग दरवेळी मिळतोच असे नाही. मग बाजारातील पर्यायी मॅनिफोल्ड अथवा पोलादी नळ्या वाकवून व जोडून केलेला भाग बसविला जातो. बसविताना तो कोठे स्टिअरिंगला अडतो, कोठे चेसिसला टेकतो, तर कोठे डिझेलच्या पाइपाजवळून जातो. मिस्त्री हातोड्याने नळी थोडी चेपतो, पाइप बाजूस सारतो आणि गाडी सुरू होते. उभ्या गाडीत सर्व ठीक दिसते. परंतु उभ्या, थंड व रिकाम्या गाडीत दिसणारे अंतर हे खरे अंतर नव्हे. गाडी भरलेली, तापलेली आणि चढावर जोर करीत असताना जे शिल्लक राहते तेच खरे अंतर होय. प्रस्तुत लेखाचा सर्व भर या एका गोष्टीवर आहे.

मूळ भाग व पर्यायी भाग

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरातून जळालेला वायू बाहेर पडतो. हे सर्व झोत एकत्र करून पुढे सायलेन्सरकडे नेणारा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. कारखान्यातून येणारा मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा ओतीव असतो. तो आखूड, जाड व इंजिनाला चिकटून बसणारा असल्यामुळे जागा थोडी घेतो.

ज्यास हेडर म्हणतात तो भाग याहून निराळा. त्यात प्रत्येक सिलिंडरासाठी वेगळी, लांब पोलादी नळी असते व पुढे सर्व नळ्या एका ठिकाणी मिळतात. एका सिलिंडराचा झोत दुसऱ्याच्या आड येऊ नये, उलट पुढे जाणाऱ्या झोतामागे निर्माण होणाऱ्या ओढीचा पुढच्या सिलिंडरास लाभ व्हावा, ही त्यामागील कल्पना. अमेरिकेत जुन्या, आठ सिलिंडरांच्या पेट्रोल पिकअप गाड्यांना असे हेडर बसविण्याचा प्रघात आहे. तेथेही स्टिअरिंगचा दांडा, स्टार्टर, क्लचची जोडणी आणि चेसिस यांच्याशी नळ्यांची गाठ पडणे ही नेहमीची अडचण समजली जाते.

आपल्याकडील मालवाहू गाड्या मुख्यतः डिझेलच्या. सन १९५४ मध्ये टेल्को व डाइमलर-बेन्झ यांच्यात करार होऊन जमशेदपूर येथे डिझेल मालमोटारी तयार होऊ लागल्या. तेव्हापासून टाटा १२१० सारख्या गाड्यांपर्यंत आणि पुढे १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ पर्यंत डिझेल गाड्यांची परंपरा आपल्या परिचयाची आहे. मंद गतीने चालणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनास नुसत्या हेडरमुळे जाणवण्याजोगी शक्ती मिळेल, अशी अपेक्षा मालकाने करू नये. टर्बो असलेल्या इंजिनावर तर मॅनिफोल्डचा आकार बदलणे कटाक्षाने टाळावे. तात्पर्य, पर्यायी भाग बसवावा तो मूळ भाग मिळत नाही म्हणून. हौस अथवा आवाज यांसाठी नव्हे.

अंतर तीन प्रकारचे

नळी व शेजारचा भाग यांच्यामध्ये किती जागा हवी, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण हे अंतर तीन कारणांसाठी ठेवावे लागते.

पहिले, हाताचे अंतर. प्रत्येक नटापर्यंत पाना पोहोचला पाहिजे व तो फिरविता आला पाहिजे. ज्या नटाला पाना लागत नाही तो नट नीट आवळला जात नाही. त्या ठिकाणचे पॅकिंग लवकरच जळते, फटीतून धूर येतो आणि हा विषारी धूर चालकाच्या कॅबिनमध्ये शिरू शकतो.

दुसरे, हालचालीचे अंतर. इंजिन चेसिसवर रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. जोर लागताच ते एका अंगास कलते. खड्ड्यात चाक गेले की पाटे दबतात आणि पुढचा आक्स वर येतो. स्टिअरिंग पूर्ण वळविले की त्याचे दांडे आपली जागा बदलतात. यास्तव हलणारा भाग आणि नळी यांच्यामध्ये, सर्व हालचाली जमेस धरूनही, निदान बोटभर जागा उरली पाहिजे.

तिसरे, उष्णतेचे अंतर. पूर्ण जोरावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा धूर मॅनिफोल्डमध्ये ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक तापतो. डिझेलचा थेंब मात्र ठिणगीवाचूनही सुमारे २५० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतो. रबरी होज, नायलॉनच्या नळ्या व विजेच्या तारांचे वेष्टन यांना तर याहून पुष्कळ कमी उष्णता पुरते. नळी आणि हे भाग यांचा स्पर्श होत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. तापलेल्या धातूपासून उष्णता स्पर्शाविनाही पोहोचते, हे चुलीजवळ बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. अशा भागांसाठी सुमारे १०० मिलिमीटर अंतर असावे, आणि ते शक्य नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल असावी. गाडीच्या कारखान्याने पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा.

एक लहानसा हिशेब

धातू तापला की वाढतो. साधे पोलाद १ अंश सेल्सिअस तापले असता आपल्या लांबीच्या दर १० लक्ष भागांमागे सुमारे १२ भाग वाढते. समजा, सायलेन्सरकडे जाणारी नळी १ मीटर लांबीची आहे आणि ती सरासरीने ३०० अंश तापली. १,००० मिलिमीटरला ३०० ने गुणून दर १० लक्षांस १२ या प्रमाणात हिशेब केला, तर वाढ ३.६ मिलिमीटर येते. हीच नळी ३ मीटर लांब असल्यास वाढ सुमारे ११ मिलिमीटर, म्हणजे सेंटिमीटरहून अधिक होते.

आता ही नळी दोन्ही टोकांस घट्ट आवळलेली असेल तर ती वाढून जाईल कोठे? एक तर मध्ये फुगून शेजारच्या भागाला भिडेल, नाही तर मॅनिफोल्डवर ताण देऊन त्यास तडकवील. नवा मॅनिफोल्ड काही महिन्यांतच तडकतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते व दोष मात्र मालाला दिला जातो. यावर उपाय असा की मॅनिफोल्डच्या पुढे एक लवचिक नळीचा तुकडा किंवा सरकता सांधा असावा आणि सायलेन्सर रबरी टांगणीवर टांगलेला असावा.

मोजणी कशी करावी

जुना भाग काढण्यापूर्वीच कामास आरंभ करावा. पुढील क्रम सोयीचा ठरेल.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची तार काढावी व चाकांना ओट लावावी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. खाली भक्कम ठोकळे अथवा स्टँड द्यावेत.

२. जुना मॅनिफोल्ड जागेवर असतानाच स्टिअरिंग, स्टार्टर, चेसिस, ब्रेकच्या नळ्या, डिझेलचे पाइप व कॅबिनचा तळ यांपासूनची अंतरे मोजून कागदावर लिहून ठेवावीत. मूळ मापे हाच पुढील कामाचा आधार होय.

३. इंजिनाच्या माउंटिंगचे रबर तपासावे. ते बसले अथवा फाटले असेल तर इंजिन एका बाजूस झुकते. अशा वेळी नळी निर्दोष असूनही अडते. रबर बदलल्याबरोबर हरवलेले अंतर परत मिळाल्याचे पुष्कळदा दिसून येते.

४. नव्या भागाची पॅकिंगवर बसणारी बाजू सपाट आहे की नाही हे सरळ पट्टी लावून पाहावे. वेल्डिंगमुळे ती वाकलेली असल्यास बसविण्याआधी घासून सपाट करून घ्यावी. वाकडी बाजू नटांच्या जोराने ओढून बसविणे म्हणजे तडा आपल्या हाताने निर्माण करणे होय.

५. नवा भाग प्रथम सैलच बसवावा. सर्व नट हाताने लावून, पुढचा पाइप जोडून, मग मधल्या नटापासून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळीत जावे. एक टोक आधी पूर्ण आवळल्यास दुसरे टोक दूर उभे राहते आणि नळी उगाच भलत्या जागी जाते.

६. जेथे जागा अरुंद वाटते तेथे नळीवर मळलेल्या शाडूच्या मातीचा अथवा कणकेचा गोळा चिकटवावा. इंजिन बंदच ठेवून स्टिअरिंग दोन्ही अंगांस पूर्ण वळवावे आणि इंजिन लाकडी दांड्याने दोन्ही बाजूंस हलवावे. नंतर गोळा कापून त्याची जाडी मोजावी. जी जाडी उरली तेच हालचालीतील खरे अंतर. या रीतीस पैसा लागत नाही आणि ती खोटे बोलत नाही.

अंतर कमी पडल्यास

अंतर कमी आहे असे आढळल्यावर सर्वप्रथम हातोडा उचलण्याची सवय सोडावी. उपायांचा एक क्रम आहे आणि सौम्य उपायाने काम होत असता कठोर उपाय करू नये.

प्रथम, माउंटिंग व नटांचा क्रम पुन्हा तपासावा. त्यानंतर जे भाग मुळातच बाजूस घेण्याजोगे आहेत, उदाहरणार्थ विजेच्या तारांचा जुडगा अथवा डिझेलच्या पाइपाची पट्टी, ते योग्य ठिकाणी नव्या पट्टीने पक्के करावेत. ते नुसते तारेने बांधून ठेवू नयेत, कारण तार ढिली होते आणि पाइप पुन्हा जुन्या जागी लोंबू लागतो. त्यानंतर ढाल लावावी. ढालीचा पत्रा नळीला व संरक्षित भागाला चिकटू न देता दोन्हीकडे हवेची फट ठेवावी, कारण चिकटलेला पत्रा उष्णता अडवीत नाही, तर पुढे पोहोचवितो.

यानेही न भागल्यास नळी अडणाऱ्या ठिकाणी कापून योग्य वळणाचा तुकडा जोडून घ्यावा. वेल्डिंग गाडीवर न करता भाग खाली काढून करावे. जवळच डिझेल आणि तेलाने माखलेले भाग असतात, हे विसरू नये. नळी चेपणे हा शेवटचा उपाय. चेपलेल्या जागी पत्रा पातळ होतो, धुराची वाट अरुंद होते व नळी तेथूनच लवकर जळते.

काही गोष्टी मात्र कदापि करू नयेत. चेसिसची पट्टी कापू नये. तिच्यावरच सर्व भाराची भिस्त असते. स्टिअरिंग बॉक्स खाली पत्र्याचे तुकडे घालून तो सरकवू नये. ब्रेकची धातूची नळी तापवून वाकवू नये. मॅनिफोल्ड पुढे आणण्यासाठी स्टडवर वायसरांची चळत चढवू नये. नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे; परंतु जेथे तेल अथवा डिझेल झिरपते तेथे ती पट्टी दिव्याच्या वातीप्रमाणे तेल शोषून पेट घेऊ शकते. म्हणून गळती आधी थांबवावी. जुन्या गॅरेजमध्ये यासाठी ॲस्बेस्टॉसची दोरी वापरीत असत. तिच्या तंतूंची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने ती आता वापरू नये व जुनी काढताना कोरडी झटकू नये.

गाडीतील माल हाही शेजारचा भागच

नळीचे अंतर मोजताना इंजिनाभोवतालचे भाग पाहिले जातात. हौद्यातील मालाकडे मात्र लक्ष जात नाही. आपल्या भागात ही चूक विशेष महाग पडते. संत्र्यांना इजा होऊ नये म्हणून हौद्यात तणसाचा थर अंथरला जातो. फळीच्या फटीतून तणसाच्या काड्या खाली लोंबतात. मॅनिफोल्ड अथवा सायलेन्सर मूळ जागेपासून थोडा वर किंवा मागे सरकला असेल, तर या काड्या त्यावर टेकू शकतात. वाळलेले तणस तापलेल्या नळीवर पडून राहिले तर प्रथम करपते, मग धुमसते आणि गाडी धावू लागताच वाऱ्याने पेटते.

कापसाची गोष्ट याहून घातक. कापूस आतल्या आत बराच वेळ धुमसत राहतो, वरून काही दिसत नाही, आणि ताडपत्री उघडताच हवा मिळून ज्वाला उठते. म्हणून कापूस भरण्यापूर्वी हौद्याच्या तळाच्या फटी बंद कराव्यात आणि सायलेन्सर व तळ यांच्यामध्ये ढाल आहे की नाही हे पाहावे. ताडपत्रीचे टोक आणि दोरखंड खाली लोंबत ठेवू नयेत.

हंगामात रस्त्यावर तूर, सोयाबीन आदी पिके मळणीसाठी पसरण्याची प्रथाही धोक्याची आहे. त्यावरून गाडी गेली की काड्या फिरत्या शाफ्टला व धूरनळीला गुंडाळल्या जातात. ज्याचे पीक तोही जातो आणि ज्याची गाडी तोही बुडतो. शेतकरी बांधवांनी पीक खळ्यावरच मळावे, आणि चालकाने अशा जागेवरून जावे लागल्यास पुढे थांबून गाडीखाली पाहून घ्यावे.

नियम काय सांगतात

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११२ अन्वये धूर जमिनीकडे अथवा गाडीच्या डाव्या बाजूस सोडला जाऊ नये. नियम ११३ अन्वये धूरनळी डिझेलच्या टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपापासून ३५ मिलिमीटरच्या आत असू नये. ३५ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे. ती पाळली म्हणजे गाडी निर्धोक झाली असे समजू नये. वर सांगितलेले १०० मिलिमीटर अथवा ढाल हाच व्यवहारातील सुरक्षित मार्ग होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत मनाप्रमाणे करता येत नाही. म्हणून इंजिनाची जात बदलणे यांसारखे काम काढण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. सायलेन्सर काढून गाडी चालविणे तर केव्हाही नियमबाह्यच होय.

योग्यता प्रमाणपत्रासाठी आलेल्या जुन्या गाडीची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी धुराच्या मोजणीबरोबर गाडीखाली वाकून नळीची वाटही पाहावी, अशी या निमित्ताने सूचना आहे. धूर प्रमाणात असूनही नळी ब्रेकच्या होजला लागून गेलेली असू शकते.

अखेरची परीक्षा

काम पूर्ण झाल्यावर गाडी लगेच भाड्याला लावू नये. प्रथम रिकामी गाडी थोडे अंतर चालवून पूर्ण थंड होऊ द्यावी व सर्व नट पुन्हा आवळावेत, कारण पहिल्या उष्णतेने पॅकिंग दबते आणि नट सैल होतात. नंतर दगड, माती अशा न पेटणाऱ्या मालाने भरलेली गाडी एखाद्या चढावर न्यावी. चढ संपताच सुरक्षित जागी थांबवून, तापलेल्या भागाला हात न लावता, बॅटरीच्या उजेडात चार खुणा शोधाव्यात : कोठे धातू घासून चकाकला आहे काय; कोठे रंग फुगला अथवा तपकिरी झाला आहे काय; पॅकिंगच्या कडेला काजळी दिसते काय; आणि रबर जळल्याचा वास येतो काय. यांपैकी एकही खूण आढळल्यास ते ठिकाण पुन्हा मोजावे. एकही न आढळल्यास मगच त्या गाडीत तणस किंवा कापूस भरावा.

शाळांतील विज्ञान शिक्षकांना हा विषय वर्गात घेता येईल. उष्णतेने धातू वाढतो हे दाखविण्यासाठी पुस्तकात कडे व गोळा यांचा प्रयोग असतो. त्याच्या जोडीस, गावातल्या मालमोटारीची थंड नळी मुलांना दाखवून, तिची लांबी मोजून, वरील हिशेब त्यांच्याकडून करवून घ्यावा. ज्या मुलांच्या घरची संत्री या गाड्यांतून जातात त्यांना हा धडा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी मातीच्या गोळ्याची रीत विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी.

शेवटी मालकांना एवढेच सांगणे आहे की, नळी बसविण्यास मिस्त्रीला अर्धा दिवस अधिक लागला तर तो खर्च मानू नये. गाडीत वर्षभराच्या श्रमाचे पीक असते व पुढे कॅबिनमध्ये कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो. घाटाच्या मध्यावर, रात्री, भरल्या गाडीत जे अंतर कमी पडते ते तेथे वाढविता येत नाही. ते गॅरेजमध्येच, थंड गाडीत, मोजून ठेवावे लागते.